माझी सक्तीची शेती



हौशी बागवाल्यांचे लेख तुम्ही पुष्कळ वाचले असतील. माझी गोष्ट वेगळी आहे. मला मातीत हात घालायला मुळीच आवडत नाही. लहानपणी कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, पोयनाडजवळच्या गावी आजोबांची थोडी भातशेती होती. पावसात लावणीला उभं राहायचं, कंबर मोडायची, पायांना चिखल्या व्हायच्या. मी नऊ वर्षांचा असताना वडिलांनी बिऱ्हाड मुंबईला भायखळ्याला हलवलं. गाव सुटलं म्हणून आई रडली आणि चिखल सुटला म्हणून मी खूश झालो. पुढे १९७०च्या दशकात इस्राएलला आलो, दिमोनात कापडाच्या गिरणीत तीस वर्षं काढली, पेन्शनीत निघालो. एवढ्या वर्षांत एक साधं रोपटं लावल्याचं पाप माझ्या माथी नाही.

आमचं घर तळमजल्यावर आहे. मागे बारा पावलं लांब नि चार पावलं रुंद असा जमिनीचा तुकडा आहे. तो बायकोचा प्रांत. मी तिथे खुर्ची टाकून पेपर वाचायला जायचो, तेवढाच माझा संबंध.

त्या तुकड्यात ती दर वर्षी वाल लावायची. त्याचं बी काही अलिबागहून बॅगेत लपवून आणलेलं नव्हतं. वीस-पंचवीस वर्षांमागे तिने बीरशेबाच्या भारतीय दुकानातून बिरड्यासाठी कडव्या वालाचं पाकीट आणलं. त्यातले मूठभर उरले ते मागे टोचले. उगवले. त्या वर्षी शेंगा धरायला इतका उशीर झाला की थंडीने निम्म्या शेंगा गेल्या. पण दोन वेल इतरांच्या आधी फुलले होते. तिने त्या दोन वेलांचंच बी ठेवलं. पुढच्या वर्षी पुन्हा जो वेल आधी फुलेल त्याचंच बी. असं करत करत दिमोनाच्या थंडीआधी पिकणारा वाल तिच्या हाती आला. हे मला आत्ता कळलं हो. तेव्हा मी पेपर वाचत होतो.

मग खंड पडला. तिची पेरणीची वेळ म्हणजे एलूल महिना, नव्याच्या सणाच्या आधी. २०२१चा एलूल आला तेव्हा पुढे श्मिटाचं वर्ष होतं, तिने जमीन पडीक ठेवली. २०२२चा एलूल आला तोही श्मिटातच. २०२३च्या एलूलमध्ये तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ऑक्टोबर उजाडला, तो कसा उजाडला ते तुम्हाला सांगायला नको. अशी तीन पेरण्या हुकल्या. गुडघे बरे झाले, ती घरात हिंडू-फिरू लागली, पण खाली वाकायचं नाही अशी डॉक्टरची सक्त ताकीद. मागच्या खिडकीची झडप ती उघडेनाशी झाली. उघडी जमीन बघवत नाही म्हणायची.

मार्च २०२४मध्ये, होळीच्या सणाच्या, म्हणजे पुरीमच्या, दुसऱ्या दिवशी तिने फडताळातून बिस्किटांचा जुना डबा काढला आणि माझ्यासमोर टेबलावर उपडा केला. मोजले. त्रेचाळीस वाल.

"हे तीन वर्षांपूर्वीचे," ती म्हणाली. "वालाचं बी काही जन्मभर टिकत नाही. या वर्षी पेरले नाहीत तर संपलं. दुकानातून नवे आणता येतील, पण ते हे नव्हेत."

मी म्हटलं, "अगं, मला काय येतं त्यातलं?"

"येत नाही ते दिसतंच आहे. मी सांगीन तसं करा. पण आत्ता नाही, एलूलमध्ये."

इथे माझं चुकलं. नावडतं काम असलं की मला ते लवकर उरकून टाकायची घाई होते. शिवाय रोपवाटिकेत चौकशी केली तर तिथला माणूस म्हणाला, शेंगवर्गीय भाज्या मार्च-एप्रिलमध्येच लावतात, जमीन गरम झाली की. हा धंद्यातला माणूस, असं म्हणून मी घरी आलो आणि तिच्या दुपारच्या झोपेच्या वेळी मागे जाऊन वीस वाल पेरले.

कसे पेरले तेही सांगतो, म्हणजे तुम्ही तसं करणार नाही. आदल्या दिवशी सकाळी वाटीत पाणी घालून भिजवले आणि विसरलो. दीड दिवस बुडून राहिले. मग बोटभर खोल खड्डे करून टाकले आणि नळीने भरपूर पाणी सोडलं. दिमोनाची माती पिठासारखी बारीक, पिवळट. पाणी पडलं की गुळगुळीत होते आणि ऊन लागलं की वर पापडी धरते. वालाचा अंकूर आपल्या दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन, मान वाकवून वर येतो. वर पापडी असली की मान तिथेच मोडते. दहा दिवसांनी उकरून पाहिलं तर काही कुजले होते, काहींच्या माना मोडल्या होत्या. तीन वर आले. त्यातला एक गोगलगायीने खाल्ला.

वीसातले दोन. तिला सांगायची हिंमत होईना. पण तिने डबा हलवून पाहिला असावा. आवाज कमी आला.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "अहो, लग्न झाल्यापासून मी या ओट्यावर बी रुजवते आहे आणि तुम्ही ते खाता आहात. बिरडं म्हणजे काय असतं?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वाल रात्री भिजवायचे, सकाळी पाणी ओतून टाकायचं, ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवायचे, मोड आले की सोलायचे. यातला शेवटचा सोलण्याचा भाग सोडला तर बाकी सगळं म्हणजे बी रुजवणंच. आपल्या घरोघरच्या बायका हे करत आल्या आणि आम्ही पुरुष मंडळी 'मला शेतीतलं काही कळत नाही' म्हणत ताटावर बसत आलो.

राहिलेले तेवीस आम्ही स्वयंपाकघरात रुजवले. तिने खुर्चीवर बसून, मी उभं राहून. एकच रात्र भिजवले, सकाळी निथळून फडक्यात बांधले, फडकं सकाळ-संध्याकाळ शिंपडून ओलं ठेवलं. तिसऱ्या दिवशी चौदांना मोड आले. बाकीचे नऊ तसेच राहिले. ते म्हातारे झाले होते. दह्याचे रिकामे डबे घेतले, बुडाला भोकं पाडली, अर्धी माती नि अर्धं कंपोस्ट भरलं आणि मोडाचं टोक खाली करून एक पेरभर खोल लावले. वर माती दाबायची नाही. खिडकीत ठेवले. मागची नव्हे, पुढची खिडकी. मागची झडप अजून बंदच होती.

चौदांतले बारा वर आले. चार-चार पानं फुटल्यावर मी ते मागे नेऊन हातभर अंतरावर लावले. चिमण्या कोवळी पानं टोचतात, म्हणून पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांचं बूड कापून प्रत्येकावर टोपी घातली. तरी तीन गेले. जगले नऊ. आधीचे दोन धरून अकरा.

पाण्यासाठी ठिबकची नळी टाकली. ठिबकचा धंदा आपल्या अंगणातलाच म्हणायचा. बीरशेबाजवळच्या हात्सेरीम किब्बुत्झने १९६५ साली नेताफिम कंपनी काढली आणि ही नळी जगभर गेली. आपल्या महाराष्ट्रात जळगावपर्यंतही. झाडाच्या बुडाशी थेंब थेंब पाणी, त्यामुळे वर पापडीही धरत नाही. हे कळायला मला वीस वाल खर्ची घालावे लागले.

उन्हाळा लागला आणि वेल असे काही माजले की बघत राहावं. शवुओथपर्यंत माझ्या खांद्याला आले, जुलैत वरच्या मजल्यावरच्या मोरोक्कन शेजारणीच्या सज्जाला जाऊन भिडले. पानं तळहाताएवढी. खाली दाट सावली. पण फूल? एकही नाही. कळी नाही, देठ नाही. रोज सकाळी उठून मी एकेक फांदी उचलून बघायचो. वेलाला बाग न आवडणाऱ्या माणसाचा सूड घ्यायचा असावा असं वाटायला लागलं. शेजारीण वरून म्हणाली, "उपटून टाक, सगळं पाणी पानांत चाललंय."

बिरड्याचा सण, म्हणजे तिशा बेआव, त्या वर्षी ऑगस्टच्या मध्याला आला. माझ्या मनात होतं की त्या दिवशीच्या बिरड्याला आपले वाल असावेत. वाल सोडा, फुलाचाही पत्ता नव्हता. सण झाल्यावर मी कात्री घेऊन निघालो, तेव्हा ती म्हणाली, "बिरड्याच्या सणाला वाल कधी तरी ताजे असतात का? तुमच्या गावी तरी होते का? ते मागच्या हिवाळ्यातले सुके. वाल हे थंडीचं पीक आहे."

मग मलाच आठवलं. गावी भाताची कापणी झाली की त्याच खाचरात, उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरायचे. वर पाऊस नाही, पाटाचं पाणी नाही. जानेवारीत शेंगा भरायच्या. मग रात्री शेतात पोपटी लागायची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, मडकं उपडं करून भोवती जाळ. थंडीत शेकत शेंगा खाल्लेल्या मला आठवत होत्या, पण त्या थंडीत खाल्ल्या हे काही डोक्यात राहिलं नव्हतं.

आमचे जावई अरवात भोपळी मिरचीच्या हरितगृहात काम करतात. त्यांना फोन केला. त्यांनी नीट समजावलं. वालाच्या जुन्या जाती दिवसाच्या लांबीवर चालतात. रात्र पुरेशी लांब झाल्याशिवाय वेल फुलावर येत नाही, मग तुम्ही खत घाला की पाणी घाला. जूनमध्ये अलिबागकडे दिवस १३ तासांहून थोडा जास्त असतो, पण दिमोना उत्तरेला असल्यामुळे इथे तो १४ तासांच्या वर जातो. म्हणजे मार्चमध्ये पेरलेला वाल अख्खा उन्हाळा पानंच वाढवणार. "बाबा, उपटू नका," जावई म्हणाले. "दिवस आखडू देत."

आता तिचा एलूलचा हिशेबही कळला. एलूलमध्ये पेरलं की वेल हाताला येईपर्यंत दिवस आखडायला लागतात. वेल लहान असतानाच फुलतो, पाणी कमी लागतं आणि दिमोनाची कडक थंडी यायच्या आत शेंग भरते. गावच्यासारखं नोव्हेंबरात पेरलं तर शेंगा धरायच्या वेळी इथे रात्री गोठवतात. तिने कोकणातलं पीक घेतलं, पण पंचांग दिमोनाचं लावलं. पुस्तक न वाचता, नुसतं बघून.

मी कात्री ठेवून दिली. पाणी चालू ठेवलं. त्या महिन्यांचं पाण्याचं बिल मी इथे छापत नाही.

सुक्कोथच्या आठवड्यात, ऑक्टोबर २०२४मध्ये, एका वेलाच्या शेंड्याला सरळ उभी काडी आली आणि तिच्यावर पांढऱ्या कळ्या. मी आत जाऊन सांगितलं. तिने काही न बोलता मागच्या खिडकीची झडप वर केली. खुर्ची खिडकीशी ओढून घेतली. तेव्हापासून ती खुर्ची तिथेच आहे.

पुढचं लवकर सांगतो. अकरांपैकी सात वेल सुक्कोथ ते हेशवानच्या मध्यापर्यंत फुलले. मावा पडला तेव्हा साबणाच्या पाण्याने पुसून काढला. ती खिडकीतून सांगायची, मी करायचो: "तो डावीकडचा. नाही हो, डावीकडचा. त्याला तांबडा दोरा बांधा." सगळ्यांत आधी फुललेल्या दोन वेलांना तांबडे दोरे बांधले. त्यांच्या शेंगांना हात लावायचा नाही, त्या वेलावरच सुकवायच्या. बाकीच्यांच्या कोवळ्या शेंगा हनुक्कात काढल्या. ओले दाणे सोलून एक वाडगा झाला. नारळाच्या दुधात, आमसूल घालून केले. आम्ही दोघं आणि मुलगी-जावई. कुणी फारसं बोललं नाही.

फेब्रुवारीत सुक्या शेंगा काढल्या. उशिराच्या बऱ्याचशा थंडीने चिंबल्या होत्या. सगळे मिळून एक वाटी वाल निघाले. घरच्या अंगणातलं पीक असलं तरी या भूमीतलं आहे, म्हणून तेरुमा-मासेर रीतसर काढलं. उरलेल्यांवरून आमचं चक्क भांडण झालं. माझं म्हणणं, एवढे कष्ट केले तर बिरड्याच्या सणाला आपल्याच वालाचं बिरडं झालं पाहिजे. तिचं म्हणणं, आधी बी, मग ताट. शेवटी तिने एक मूठ वाल मोजून बाजूला काढले. बाकीचे डब्यात. डब्यावर कागद चिकटवून वर्ष लिहिलं.

३ ऑगस्ट २०२५ला उपास सुटला. बिरड्यात दुकानचे वाल, त्यात आमचे मूठभर. सोलल्यावर आमचे कुठले नि दुकानचे कुठले, काही ओळखू येईना. मी ताटात शोधत होतो. ती म्हणाली, "जेवा गुपचूप. ते सगळ्यांतच आहेत."

आता ज्यांना करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी, मी चुका करून शिकलेल्या चार गोष्टी.

आपल्या गावी पाऊस आणि ऊब एकदम येतात. इथे त्या दोघांची कधी गाठच पडत नाही. पाऊस थंडीत, आणि उन्हाळाभर एक थेंब नाही. म्हणून गावचा महिना लक्षात ठेवून इथे पेरू नका. ते झाड गावी उन्हातलं की थंडीतलं, एवढंच आठवा. कोथिंबीर, मेथी, मुळा ही थंडीतली मंडळी, त्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरा, पाऊस अर्धं काम करतो. भेंडी, दुधी, कारलं ही उन्हातली, त्यांना एप्रिलमध्ये जमीन तापल्यावर पेरा आणि ठिबक लावा. मी मे महिन्यात कोथिंबीर पेरली होती. बोटभर वाढली आणि लगेच फुलावर गेली.

धणे पेरताना पोळपाटावर हलक्या हाताने रगडून दोन फाकी करा. एका धण्यात दोन बिया असतात. मग आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडे, धीर धरा. मान्ना धण्याच्या दाण्यासारखा होता असं तोरात सांगितलंय, पण तो आपोआप पडायचा. धणे पडत नाहीत, पेरावे लागतात. स्वयंपाकघरातली मेथी मात्र दोन-तीन दिवसांत वर येते आणि महिन्याभरात भाजीला होते. ज्याला मुळीच धीर नाही त्याने मेथीपासून सुरुवात करावी. मी तेच करायला हवं होतं.

दुकानातले वाल, मेथी, धणे अख्खे आणि नव्या हंगामाचे असले तर बहुतेक रुजतात. पेरण्याआधी दहा दाणे ओल्या फडक्यात ठेवून बघा. सहा-सात मोडले तर पेरा. दोन-तीनच मोडले तर त्या पाकिटाची आमटी करा. आणि सुके कडवे वाल कच्चे तोंडात टाकू नका. भिजवून, पाणी फेकून, चांगले शिजवूनच खायचे असतात.

गावाहून बॅगेतून बी किंवा रोप लपवून आणू नका. परवान्याशिवाय ते आणायला बंदी आहे आणि त्यामागे कारण आहे. आपला कढीपत्ता लिंबू-संत्र्यांच्याच कुळातला. त्याच्या एका फांदीवरून आलेला किडा इथल्या संत्र्यांच्या बागांना आजार लावू शकतो. कढीपत्त्याचं रोप हवं असेल तर ज्यांच्या अंगणात तो फळतो त्यांच्याकडून ताजी काळी फळं घ्या, गर धुऊन लगेच पेरा. वाळवून ठेवलेली बी रुजत नाही.

२०२५च्या एलूलमध्ये मी साठ वाल रुजवले. या वेळी घाई केली नाही, ती म्हणाली त्या दिवशी. चौपन्न वर आले. बागकाम मला आवडतं असं अजूनही म्हणणार नाही. कंबर दुखते, नखात माती जाते, पेपर वाचायचा राहतो.

डब्यात अजून वाल आहेत. एकाच डब्यात ठेवून पाहिलं, तीन वर्षांत जवळजवळ संपले होते. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलंय की ते वाटायचे. दिमोनाच्या आपल्या मंडळींपैकी ज्यांच्याकडे चार हात जमीन किंवा सज्जात मोठी कुंडी आहे, त्यांनी हक्काने मागावेत. दहा-दहाच्या पुड्या बांधून ठेवल्या आहेत. पैसे नकोत. पुढच्या हिवाळ्यात सगळ्यांत आधी फुललेल्या वेलाचे वीस वाल परत आणून द्यायचे.

पुड्यांवर कधी पेरायचं ते तिने तिच्या अक्षरात लिहिलं आहे. माझ्यावर तिचा अजून पुरता भरवसा नाही.